सांगितलेला धोका, ऐकलेला धोका : प्रस्तावना

१९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने देशभरातल्या सुमारे १,९०,००० डॉक्टरांना, औषधविक्रेत्यांना आणि आरोग्याधिकाऱ्यांना तातडीचे पत्र धाडले. तिसऱ्या पिढीतल्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो, असे त्यात म्हटले होते. माहिती खरी होती. ज्या अभ्यासांवर ती आधारलेली होती त्यांत जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर सात हजार स्त्रियांमागे एकीला हा त्रास होत होता, नव्या गोळ्या घेणाऱ्यांत तो दोघींना होत होता. एकीच्या दोघी झाल्या, म्हणून धोका शंभर टक्क्यांनी वाढला असे म्हणता येते. सात हजारांत एकीची भर पडली असेही म्हणता येते. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने पहिले विधान उचलले. घाबरलेल्या अनेक स्त्रियांनी गोळ्या घेणेच थांबवले आणि पुढच्या वर्षभरात इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले. गर्भारपणात गुठळी होण्याचा धोका या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षा अधिक असतो, ही या प्रकरणातली सर्वांत कडू गोष्ट. ज्या संकटापासून वाचवण्यासाठी इशारा दिला, त्याच संकटाकडे इशाऱ्याने कित्येकींना ढकलले.

याचा दोष कोणाच्या माथी मारायचा? लोकांना गणित कळत नाही, ते भीतीच्या भरात निर्णय घेतात, हे उत्तर तयारच असते. आरोग्य खात्याच्या बैठकांत, डॉक्टरांच्या चर्चांत आणि अग्रलेखांतही ते सर्रास ऐकू येते. हा संग्रह त्या उत्तराशी भांडण मांडण्यासाठी काढला आहे. 'दुप्पट' एवढेच कानावर पडले आणि कशाच्या दुप्पट ते कोणी सांगितले नाही, तर सावध पाऊल उचलणाऱ्या बाईला अडाणी म्हणता येत नाही. हाती आलेल्या माहितीवर तिने केले ते समंजसच होते. आरोग्याच्या धोक्याबद्दल काही ऐकून माणसे जे करतात ते निव्वळ आकड्याला दिलेले उत्तर नसते. आकडा कोणत्या रूपात आला, त्याच्यासोबत एखादी वाट दाखवली गेली की नाही, आणि सांगणाऱ्याचा आजवरचा लौकिक काय, या सगळ्यांना मिळून ते उत्तर असते. लोकांच्या अज्ञानाचे म्हणून जे पुरावे पुढे केले जातात, त्यांतले पुष्कळसे बारकाईने पाहता सांगण्यातल्या उणिवांचे पुरावे ठरतात. गेल्या सत्तर वर्षांतले संशोधन मला या निष्कर्षाकडे नेते. सगळेच संशोधक त्याला मान डोलावतील असे मात्र नाही.

हा विषय एका विद्याशाखेत मावणारा नाही. मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ असे सगळेच त्यात आहेत आणि ते एकमेकांचे फारसे वाचत नाहीत. सुरुवात मात्र अगदी व्यवहारी अडचणीतून झाली. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्रे गाड्यांवर चढवून वस्त्यांमध्ये नेली. तपासणी फुकट आणि दारात, तरी लोक अपेक्षेइतके येईनात. गॉडफ्री हॉकबॉम, अर्विन रोझेनस्टॉक प्रभृतींनी याची कारणे शोधली. हा आजार मला होऊ शकेल असे माणसाला वाटते का, झाला तर तो गंभीर ठरेल असे वाटते का, तपासणीचा उपयोग होईल असे वाटते का, आणि तिच्या आड काय काय येते, असे प्रश्न त्यांनी मांडले. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवले जाणारे आरोग्यविषयक समजुतींचे प्रारूप त्यातूनच आले. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, येल विद्यापीठात अर्व्हिंग जॅनिस आणि सेमूर फेशबाख यांनी दातांच्या निगेवरची तीन व्याख्याने कमी-अधिक भीती घालून शाळकरी मुलांना ऐकवली. ज्यांना सर्वांत कमी घाबरवले होते त्यांनी सल्ला सर्वांत जास्त पाळला.

पण या काळातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग हॉवर्ड लेव्हेन्थल यांचा, १९६५ चा. येलच्या विद्यार्थ्यांना धनुर्वातावरची पत्रके वाटली. काहींतली वर्णने आणि छायाचित्रे अंगावर काटा आणणारी होती. ती वाचणारे अधिक घाबरले, लस घ्यायला हवी असे अधिक ठामपणे म्हणू लागले, पण त्यामुळे जास्त संख्येने लस घ्यायला गेले असे झाले नाही. फरक पडला तो निराळ्याच गोष्टीने. काही पत्रकांसोबत आरोग्यकेंद्राचा नकाशा आणि लस मिळण्याच्या वेळा दिल्या होत्या, आणि आठवड्याच्या वेळापत्रकात आपल्याला कधी जाता येईल ते पाहून ठेवा असे सुचवले होते. नुसते पत्रक वाचणाऱ्यांत सुमारे ३ टक्के विद्यार्थी लस घ्यायला गेले. नकाशा मिळालेल्यांत सुमारे २८ टक्के. ही शेवटच्या वर्षातली मुले होती, आरोग्यकेंद्र कुठे आहे हे त्यांना नव्याने सांगण्याची गरज नव्हती. म्हणजे नकाशाने माहितीत फारशी भर घातली नाही. त्याने 'करायला हवे' आणि 'बुधवारी दुपारी जातो' यांच्यातले अंतर कमी केले. आपल्याकडच्या आरोग्यविषयक भित्तिपत्रकांवर हे अंतर कमी करणारी ओळ किती वेळा सापडते, हे वाचकाने जवळच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पाहावे.

सत्तरच्या दशकात प्रश्नाचा रोख बदलला. अणुऊर्जा, कीटकनाशके, नवी औषधे यांवरून अमेरिकेत वाद पेटले होते आणि तज्ज्ञांना सामान्य माणसाची भीती अनाकलनीय वाटत होती. चॉन्सी स्टार या अभियंत्याने १९६९ मध्ये हिशेब मांडला की माणसे स्वखुशीने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट सहन करतात. त्याला उत्तर देताना ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावी पॉल स्लोव्हिक, बारूख फिशहॉफ आणि सारा लिख्टेनस्टाइन यांनी थेट लोकांनाच विचारायला सुरुवात केली. कोणत्या कारणाने किती माणसे मरतात याचे अंदाज लोकांनी दिले, तेव्हा चक्रीवादळ आणि खून यांसारख्या बातम्यांत गाजणाऱ्या कारणांना ते फुगवून सांगतात आणि मधुमेह, दमा, पक्षाघात यांसारख्या मुक्या कारणांना कमी लेखतात असे दिसले. त्या काळी अमेरिकेत सगळ्या अपघातांत मिळून जेवढी माणसे दगावत, त्याच्या जवळजवळ दुप्पट पक्षाघाताने दगावत. तरी विचारलेल्यांपैकी ८० टक्क्यांना अपघाती मृत्यूच जास्त वाटले. तीस धोक्यांचा क्रम लावायला सांगितला तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि स्त्री-मतदार संघटनेच्या सदस्यांनी अणुऊर्जा पहिल्या क्रमांकावर ठेवली, तज्ज्ञांनी विसाव्या. क्ष-किरणांचे उलट झाले: तज्ज्ञांच्या यादीत ते सातवे, सामान्यांच्या यादीत खूपच खाली. या तफावतीला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे होते. स्लोव्हिक यांनी तसे केले नाही. तज्ज्ञ मृत्यूंची संख्या मोजत होते. सामान्य माणूस आणखी पुष्कळ मोजत होता. धोका माझ्या हातचा आहे की नाही, तो पुढच्या पिढीवर जाईल का, फायदा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा असे तर नाही ना, शास्त्राला तो पुरता कळला आहे का, हे सारे त्याच्या हिशेबात होते. या प्रश्नांना गैरलागू ठरवण्याचा अधिकार मृत्यूदराच्या तक्त्याला कोणी दिला?

याच काळात डॅनिएल कानेमन आणि आमोस ट्व्हर्स्की यांनी निर्णयाच्या मानसशास्त्राची बैठकच हलवली. चटकन आठवते ते वारंवार घडते असे माणसाला वाटते, आणि एकच वस्तुस्थिती वाचलेल्यांच्या भाषेत सांगितली की निर्णय एक होतो, मेलेल्यांच्या भाषेत सांगितली की दुसरा. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी ट्व्हर्स्कींसह हे वैद्यकात तपासले. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा काल्पनिक पेच होता. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात १०० पैकी ९० जण जगतात असे वाचणाऱ्यांना शस्त्रक्रिया पसंत पडली. १०० पैकी १० दगावतात असे वाचणाऱ्यांत तिची पसंती बरीच घसरली. घसरगुंडी डॉक्टरांचीही झाली, हे यातले महत्त्वाचे. शिक्षण, अनुभव, आकड्यांशी रोजचा संबंध, यांतले काहीच त्यांना वाचवू शकले नाही. पुढे या परंपरेचा उपयोग माणूस किती चुकतो याच्या रंजक याद्या करण्यासाठी इतका झाला की तिच्यातला हा धागा मागे पडला. चूक जर पेशंटची आणि सर्जनची सारखीच असेल, तर 'लोक अशिक्षित आहेत' हे तिचे कारण असू शकत नाही.

या धाग्याला बर्लिनच्या गेर्ड गिगेरेंझर यांनी नेमके पकडले. स्तनाच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी केली आणि निकाल 'पॉझिटिव्ह' आला, तर त्या बाईला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? रोगाचे प्रमाण १ टक्का, रोग असल्यास चाचणी तो ९० टक्के वेळा पकडते, रोग नसतानाही ९ टक्के वेळा खोटा इशारा देते, असे सांगून १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना हा प्रश्न विचारला तेव्हा अवघ्या २१ टक्क्यांनी बरोबर उत्तर दिले. आता हीच माहिती माणसे मोजून मांडू. हजार स्त्रियांत दहा जणींना कर्करोग आहे, त्यांतल्या नऊ जणी चाचणीत सापडतात. उरलेल्या ९९० जणींपैकी सुमारे ८९ जणींनाही चाचणी खोटा इशारा देते. एकूण ९८ जणींचा निकाल 'पॉझिटिव्ह' आला, त्यांत खऱ्या रुग्ण नऊ. म्हणजे दहातली एक. आकडे असे मांडायला शिकवल्यावर त्याच डॉक्टरांपैकी ८७ टक्क्यांचे उत्तर बरोबर आले. डोके तेच, आकडेही तेच, मांडणी बदलली. मानवी मनात जन्मजात खोट आहे असे मानणारी मंडळी आणि खोट मांडणीत आहे असे मानणारी मंडळी यांच्यातला वाद अजून शमलेला नाही, आणि त्यात शिष्यांचा आवेश गुरूंपेक्षा जास्त आहे. मला गिगेरेंझर यांचे पारडे जड वाटते, पण एका मर्यादेपर्यंतच. मांडणी सुधारल्याने आकडा कळतो. कळलेल्या आकड्याचे माणूस काय करतो, हे तिथून पुढे सुरू होते.

त्या पुढच्या प्रदेशात भीती राहते. रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये आणि किम विटी यांनी १९९२ मध्ये जो विचार मांडला तो थोडक्यात असा: धोका मोठा वाटला आणि सुटकेचा मार्ग आपल्याला जमेल असेही वाटले, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो, धोका मोठा वाटला पण मार्ग जमणारा वाटला नाही, तर तो भीतीचा बंदोबस्त करतो. नजर वळवतो, थट्टा करतो, 'आमचे आजोबा नव्वद वर्षे ओढत होते' असे सांगतो. २०१५ मध्ये सव्वाशेहून अधिक शोधलेखांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात भीतीचे आवाहन सरासरीने उपयोगी ठरते असे दिसले, आणि सोबत उपाय सांगितला की जास्त. जॅनिस-फेशबाख यांचा जुना निष्कर्ष त्यामुळे सरसकट लागू राहिला नाही. भारतात तंबाखूच्या पाकिटांवर चित्ररूप इशारे २००९ पासून आले आणि एप्रिल २०१६ पासून त्यांनी पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. ही उतरंड विचार करण्याजोगी आहे. चित्र पाकिटावर असते. सुटी विडी घेणाऱ्याला ते दिसत नाही, आणि घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला तर वेष्टनच नसते. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, तिच्यामागे हेच कारण दिले होते. मनात आलेला विचार आणि सुटलेली सवय यांच्यामध्ये पुन्हा लेव्हेन्थल यांचा नकाशा लागतो, तो भाग वेगळाच.

वाटेचा प्रश्न सर्वांत स्वच्छपणे तपासला तो गेल्या वीसेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी, आणि अमेरिकेबाहेर. पश्चिम केनियातल्या शाळांमध्ये एचआयव्हीचा सरकारी अभ्यासक्रम लग्नापर्यंत संयम पाळा असे शिकवत होता. पास्कलिन द्युपा यांच्या अभ्यासात काही शाळांतल्या मुलींना निराळी माहिती दिली गेली: कोणत्या वयाच्या पुरुषांत संसर्गाचे प्रमाण किती. वयाने मोठे, पैसेवाले पुरुष समवयस्क मुलांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहेत हे त्यातून उघड होत होते. पुढच्या वर्षात या मुलींमध्ये गर्भारपणाचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले, आणि घट प्रामुख्याने मोठ्या पुरुषांपासून होणाऱ्या गर्भारपणात होती. अधिकृत अभ्यासक्रम शिकवण्याचे खास प्रशिक्षण शिक्षकांना दिले त्या शाळांत असा परिणाम दिसला नाही. 'सगळेच टाळा' या उपदेशाला पर्याय नव्हता. 'हे त्याहून जास्त धोक्याचे' या माहितीत निवड होती. गुरगावात ज्या घरांना त्यांचे पाणी दूषित असण्याचा संभव आहे असे तपासून सांगितले, त्यांनी पुढच्या आठ आठवड्यांत पाणी शुद्ध करू लागण्याची शक्यता ११ टक्के-अंकांनी वाढली. बांगलादेशातल्या आडाईहाजार भागात हातपंपाच्या पाण्यातले आर्सेनिक मोजून तुमचा पंप सुरक्षित नाही असे घरोघर कळवले, तेव्हा वर्षभरात दुसरा पंप धरणाऱ्यांचे प्रमाण ३७ टक्के-अंकांनी वाढले. फारसे न शिकलेली, गरीब माणसे परक्या अंगणातून पाणी वाहून आणू लागली, कारण माहिती त्यांच्या स्वतःच्या पंपाची होती आणि चांगला पंप चालत जाण्याच्या अंतरावर होता. याच्या उलट टोकाला जनुकीय चाचण्या आहेत. तुमच्या जनुकांमुळे अमुक आजाराचा धोका इतका वाढतो असे सांगितल्याने लोक धूम्रपान सोडतील, व्यायाम करतील, अशी मोठी आशा होती. थेरेसा मार्टो यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वागणुकीवर परिणाम जवळजवळ आढळला नाही.

इथवरचे सगळे संशोधन एका प्रश्नाला बगल देते: सांगतो आहे कोण? मेरी डग्लस आणि आरॉन विल्डाव्हस्की यांनी १९८२ मध्ये आग्रहाने म्हटले की कोणता धोका मोठा मानायचा हे समाज आपल्या रचनेप्रमाणे ठरवतो. ते थोडे टोकाचे वाटले तरी ब्रायन विन यांनी कम्ब्रियात जे पाहिले ते झटकून टाकता येत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा किरणोत्सर्ग पावसाबरोबर वायव्य इंग्लंडच्या डोंगरांवर उतरला. आधी काही चिंता नाही असे सांगितले गेले. जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली, तीही तीनच आठवड्यांसाठी, असे तज्ज्ञांनी खात्रीने म्हटले. त्यांचा अंदाज चिकणमातीत सीझियम कसे जखडले जाते यावर बेतलेला होता. डोंगरावरची माती मात्र निराळी, कुजलेल्या वनस्पतींची. काही शेतांवरचे निर्बंध २०१२ पर्यंत राहिले. आपली जमीन आणि आपली मेंढरे कशी चरतात हे मेंढपाळांना ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नाही. जवळच सेलाफील्डचा अणुप्रकल्प होता आणि १९५७ मध्ये तिथे लागलेल्या आगीची आठवण होती. त्यांनी तज्ज्ञांवर विश्वास ठेवला नाही, याला माहितीचा अभाव म्हणायचे की माहितीचा योग्य उपयोग?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड यांच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत हलवली गेली. छावणी आणि झडती यांमागचा धोका खरा होता. प्लेगने माणसे पटापट मरत होती. पण माहिती, उपाय आणि सक्ती एकाच हाताने आल्यावर लोकांनी त्या हाताला उत्तर दिले. त्याच वर्षी जानेवारीत वॉल्डेमर हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, आणि ती घ्यायला लोक का कचरतात हे त्या वातावरणापासून वेगळे काढून समजत नाही. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा भीतीला पुरावाही मिळाला. शंभर वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत पोलिओच्या थेंबांना 'नसबंदीचा डाव' म्हणून विरोध झाला. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण तिथे जिवंत होती. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण नोंदले गेले, त्यांतले बहुसंख्य त्या राज्यातले. तिथे परिस्थिती पालटली ती अधिक आकडे ओतून पालटली नाही. त्याच मोहल्ल्यातल्या बायका दारोदार फिरू लागल्या, मशिदींतून आणि मुस्लिम विद्यापीठांतून आवाहने झाली, आणि नुसते थेंब घेऊन येणाऱ्यांनी ताप-जुलाबाकडेही पाहायला सुरुवात केली. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला तो देशातला शेवटचा रुग्ण.

हे सगळे आज मराठीत आणण्याची निकड कोविडने दाखवली. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस पुण्यात 'कोविशील्ड' म्हणून तयार होऊन देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. एप्रिल २०२१ मध्ये या लसीने क्वचित गुठळ्या होतात हे स्पष्ट झाले, तेव्हा केंब्रिजच्या विंटन केंद्रातल्या डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांच्या गटाने एक साधा तक्ता केला. संसर्ग कमी असताना, विशीतल्या दर लाख माणसांमागे लसीमुळे गंभीर इजा १.१ जणांना आणि लसीमुळे टळणारी अतिदक्षता विभागातली भरती ०.८; साठीतल्यांत हेच आकडे ०.२ आणि १४.१. हे पाहून ब्रिटनमध्ये तिशीखालच्यांना पर्यायी लस देऊ केली गेली. धोका लपवला नाही, सर्वांना एकाच मापाने मोजलाही नाही. तीन वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, लंडनमधल्या खटल्यातली अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीची या गुठळ्यांबद्दलची कबुली आपल्याकडे बातमी म्हणून आली, तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत असा कोणताही तक्ता नव्हता. 'कंपनीने मान्य केले' एवढेच होते. ज्यांनी दोन डोस कधीचेच घेतले होते अशा कोट्यवधी लोकांना धोक्याची बातमी मिळाली आणि तिचे काय करायचे ते मात्र मिळाले नाही. अनिश्चितता कबूल केली तर लोकांचा विश्वास उडेल, या समजुतीने अधिकारी बऱ्याचदा गप्प बसतात. त्याच केंब्रिज गटाने २०२० मध्ये दाखवले की अनिश्चितता आकड्यांच्या मर्यादा देऊन सांगितली तर विश्वासाला फार थोडा धक्का बसतो. मोघम शब्दांत सांगितली तर जास्त.

या सगळ्या खटाटोपाला मोडीत काढणारे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. एक असा, की लोकांचा प्रतिसाद कसा घडतो हे कळले की तो हवा तसा घडवताही येतो. हे जाहिरातदाराचे शास्त्र आहे. आक्षेप खरा आहे. तंबाखू उद्योगाने शंकेचा धंदा कित्येक दशके केला तो याच कौशल्यावर. मला यातून एकच आडकाठी दिसते: सांगणाऱ्याने एक चौकट निवडून दुसरी दडवू नये. शंभरातले नव्वद जगतात आणि दहा दगावतात, ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की पेशंटला ढकलण्याची सोय उरत नाही. दुसरा आक्षेप, हे सगळे अमेरिकी विद्यार्थ्यांवर बेतलेले आहे. सुरुवातीच्या कामापुरता तो मान्य. केनिया, गुरगाव आणि आडाईहाजार नंतरचे. उलट मला असे वाटते की निवडीला वाव कमी असलेल्या जागीच सिद्धान्ताची खरी परीक्षा झाली.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. धोक्याची माहिती देणे स्वस्त असते, धोका दूर करणे महाग. म्हणून सरकारे माहिती देतात आणि जबाबदारी नागरिकाच्या गळ्यात बांधतात. बांगलादेशातले ते पंप मुळात तळ्या-विहिरींच्या घाण पाण्यापासून लोकांना वाचवण्यासाठी खणले गेले होते. ज्या वस्तीत सगळेच पंप दूषित, तिथे 'तुमचा पंप वाईट' हे वाक्य ऐकणाऱ्याला काय देते? २०१५ पासून देशात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज रंगांत जाहीर होतो. आडाईहाजारचे कुटुंब पंप बदलू शकत होते. लाल रंग पाहून कोणाला हवा बदलता येत नाही. दमेकरी घरात थांबेल, पण रस्त्यावर विकणारा बाहेरच असणार. या संशोधनाच्या चौकटीतून पाहिले तर असा निर्देशांक अर्धवट संदेश आहे, भय आहे आणि वाट नाही. आणि त्याची वाट वैयक्तिक वागणुकीत नसून धोरणात आहे. संदेशशास्त्राने इथे आपली हद्द ओळखावी, एवढेच मी म्हणेन. मात्र माहिती दिलीच नसती तर ती धोरणाची मागणीही कोणी केली नसती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

या संग्रहातले लेख या विषयाचे पाठ्यपुस्तक होऊ पाहत नाहीत. त्यांचा वाचक आम्ही डोळ्यांसमोर ठेवला तो असा: पेशंटला निकाल समजावणारा तालुक्याचा डॉक्टर, लसीकरणाच्या दिवशी दारात उभी राहून तेच ते प्रश्न ऐकणारी आशा सेविका, 'धोका इतक्या टक्क्यांनी वाढला' अशी बातमी रात्री दहा वाजता हाती आलेला उपसंपादक, आणि तपासणीच्या पॅकेजचा अहवाल घेऊन घरी बसलेला कोणीही. म्हणून मांडणी शाखावार न करता प्रसंगवार ठेवली आहे. आकड्यांचे लेख आधी आले आहेत, कारण त्यांतली चूक सर्वांत सहज सुधारता येते. भीतीचे आणि वाटेचे लेख जोडून वाचावेत; त्यांतले दोन एकमेकांच्या विरोधात आहेत आणि आम्ही ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. विश्वासावरचा भाग सर्वांत मोठा झाला, तो ठरवून नव्हे. जिथे इंग्रजी संज्ञेला रुळलेला मराठी शब्द नाही तिथे लेखकांनी कल्पना वाक्यात उलगडून सांगितली आहे, आणि जिथे 'पॉझिटिव्ह', 'रिपोर्ट', 'रिस्क' असेच लोक बोलतात तिथे तेच ठेवले आहे. प्रत्येक लेखातला धोका जिथे शक्य झाला तिथे दर हजारी किंवा दर लाखी माणसांत मांडला आहे, वाढ सांगताना मूळ आकडाही दिला आहे. हा नियम कुठे पाळला गेला नसेल, तर वाचकांनी तो लेख बाजूला ठेवून आम्हाला जाब विचारावा.